रेषा स्थिर, डोळा अस्थिर: ब्रिजेट रायली यांची चित्रं

व्हॉट्सॲपवर एक चित्र वर्षानुवर्षं फिरतंय. ते स्थिर दिसलं तर तुम्ही निवांत, हळू हललं तर थकलेले, गरागरा फिरलं तर प्रचंड तणावाखाली. वर एका जपानी मेंदूतज्ज्ञाचा हवाला. यातलं काहीही खरं नाही. ते चित्र युक्रेनचे कलाकार युरी पेरेपाड्या यांनी २०१६ साली संगणकावर केलं आणि तणावाशी त्याचा काही संबंध नाही, हे त्यांनी स्वतःच जाहीर केलं आहे. स्थिर चित्रात हालचाल दिसणं हा आजार नाही आणि तो तणाव मोजायचा काटाही नाही. ते डोळा आणि मेंदू यांचं रोजचं काम आहे.

हे काम संगणकाच्या कितीतरी आधी, निव्वळ ब्रशने ज्यांनी उघड करून दाखवलं, त्या ब्रिटिश चित्रकार ब्रिजेट रायली. जन्म १९३१, लंडनचा. शिक्षण गोल्डस्मिथ्स आणि रॉयल कॉलेज ऑफ आर्ट इथे. त्यांचे खरे गुरू मात्र एकोणिसाव्या शतकातले फ्रेंच चित्रकार जॉर्ज सरा. सरा शुद्ध रंगांचे ठिपके शेजारी-शेजारी ठेवायचे आणि पुढचं काम बघणाऱ्याच्या नजरेवर सोपवायचे. १९५९ मध्ये रायलींनी सरांच्या ‘कूर्बव्वाचा पूल’ या चित्राची नक्कल करून ही पद्धत मुळातून समजून घेतली. दोनच वर्षांत, १९६१ साली, ‘मूव्हमेंट इन स्क्वेअर्स’ आलं: हार्डबोर्डवर टेम्पेरा (अंड्याच्या बलकासारख्या बंधकात कालवलेला रंग), काळे-पांढरे चौकोन, उंची कायम आणि रुंदी मात्र घटत जाणारी. सपाट फळीला घडी पडल्यासारखी दिसते. १९६३ चं ‘फॉल’ त्याच्याही पुढे गेलं. एकच नागमोडी वक्र आडवा सरकवत पुन्हा पुन्हा काढलेला, वर सैल आणि खाली जाताना वळणं दाट. साधारण १.४ मीटर लांबी-रुंदीचं हे काम लंडनच्या टेट संग्रहात आहे. खालच्या भागाकडे बघत राहिलं की पृष्ठभाग अक्षरशः उसळतो.

असं का होतं? आपण एखाद्या बिंदूकडे टक लावून बघतो तेव्हाही डोळा थांबलेला नसतो. अतिसूक्ष्म कंप, संथ सरकणं आणि सेकंदाला साधारण एक-दोनदा बसणारा बारीक झटका, हे चालूच असतं. झटका बहुधा अर्ध्या अंशाच्या आतला. हात लांब करून धरलेल्या अंगठ्याची रुंदी सुमारे दोन अंश भरते, त्यावरून अंदाज करा. ही चळवळ गरजेची आहे. प्रयोगशाळेत खास उपकरणाने दृष्टिपटलावरची प्रतिमा पूर्ण स्थिर केली, तर ती काही सेकंदांत पुसट होऊन नाहीशी होते. दृष्टिपटलाला बदल लागतो.

मग एरवी भिंती थरथरताना का दिसत नाहीत? सगळी प्रतिमा एकदम, एकाच दिशेने, एकाच मापाने सरकली तर मेंदू ती हालचाल डोळ्याच्या खात्यावर टाकतो. नेमका हाच हिशेब ‘फॉल’ बिघडवतं. मेंदूत हालचाल टिपणारी सुरुवातीच्या टप्प्यावरची प्रत्येक पेशी दृश्याचा छोटासा तुकडाच बघते. त्या तुकड्यात फक्त एक कड असेल आणि ती स्वतःच्या लांबीच्या दिशेने सरकली, तर पेशीला काहीच कळत नाही. कडेला काटकोनात जेवढं सरकणं होतं, तेवढंच कळतं. समजा, डोळा आडवा ०.२ अंश सरकला. उभ्या कडेवरच्या पेशी पूर्ण ०.२ ची नोंद करतील. उभ्यापासून ६० अंश कललेल्या कडेवरच्या पेशी ०.१ ची. आडव्या कडेवरच्या पेशी शून्याची. नागमोडी रेषेत हे कोन एकापाठोपाठ एक येतात, म्हणजे एका झटक्याला चित्रभर वेगवेगळी उत्तरं मिळतात. डोळाच हलला असता तर उत्तर सगळीकडे सारखं आलं असतं. तसं ते आलेलं नाही, तेव्हा चित्रच हललं असणार, असा निष्कर्ष निघतो.

त्यात पट्ट्यांच्या पुनरावृत्तीची भर. काळी-पांढरी जोडी ०.३ अंशाची आणि झटका ०.१५ चा असेल, तर काळ्याच्या जागी बरोबर पांढरं येतं. नक्षी डावीकडे गेली की उजवीकडे, हे ठरवायला आधारच उरत नाही. नजरेत रेंगाळणारी उलटी (काळ्याच्या जागी पांढरी) प्रतिमा खऱ्या पट्ट्यांवर सरकते आणि चकाकी उठते. डोळ्यातल्या भिंगाचा फोकसही सतत किंचित मागेपुढे होत असतो; त्याचा वाटा किती, यावर शास्त्रज्ञांत मतभेद आहेत.

रायलींच्या चित्रांत रंग १९६७ च्या सुमारास आले. १९७९-८० च्या हिवाळ्यात इजिप्तमधल्या थडग्यांमधली चित्रं पाहिल्यावर रायलींनी आठवणीतून मोजक्या रंगांचा एक संच बांधला आणि नागमोड सोडून सरळ उभे पट्टे घेतले. कारण व्यवहारी आहे: आकार गुंतागुंतीचा असला की रंगाकडे लक्ष राहत नाही. कामाची रीत ठरलेली. आधी कागदावर ग्वाशमध्ये (अपारदर्शक जलरंगात) छोटे अभ्यास, मग पूर्ण मापाचा कागदी आराखडा, मग कॅनव्हास. अंतिम रंगकाम सहायक करतात, सगळं हाताने; मास्किंग टेप नाही, रोलर नाही. टेपखाली रंग झिरपतो, आणि टेप काढल्यावर कडेला रंगाचा उंचवटा राहतो. त्या उंचवट्याची बारीक सावली पडली की सपाटपणा गेला.

‘फॉल’च्या धर्तीचा प्रयोग घरी करता येतो. अर्धशिशी किंवा उजेडाने फिट येण्याचा त्रास असणाऱ्यांनी मात्र लांब राहावं. नजरेच्या एका अंशात काळ्या-पांढऱ्या तीनेक जोड्या बसतील असे ठळक पट्टे त्यांना सर्वात जास्त बाधतात.

५६ × ३८ सेंमीचा गुळगुळीत आयव्हरी कार्ड उभा घ्या. जाड पुठ्ठ्यावर नागमोडी वक्र काढून साचा कापा: मध्यरेषेपासून दोन्ही बाजूंना १ सेंमी, आणि वरून खाली एकेका लाटेची लांबी १२, १०, ८, ७, ६, ५, ४, ४ सेंमी. कार्डाच्या वरच्या-खालच्या कडांवर दर ३ मिमीला खूण करा, साचा खुणेखुणेने सरकवत रेषा मारा आणि एकाआड एक पट्टा मॅट काळ्या रंगाने भरा. सुमारे १.२ मीटरवरून बघा. तिथून अंशाला साडेतीन जोड्या पडतात.

बिघडतं ते खाली. साचा आडवा ३ मिमीच सरकतो, पण ४ सेंमीच्या लाटेच्या तिरक्या भागात पट्ट्याची खरी जाडी जेमतेम १.६ मिमी उरते. तिथे जाड ब्रश चालवला तर पांढरं बुजतं आणि नुसता करडा पट्टा दिसतो. तिथे ००० नंबरचा ब्रश लागतो. साधा कार्ट्रिज कागद वापरला तर रंग पसरून कड मऊ होते. चकचकीत काळा उजेडात चमकतो आणि पांढऱ्याशी असलेला फरक घटतो. पातळ पोस्टर रंगाचे ओरखडे राहिले, तर डोळ्याला टेकायला जागा मिळते आणि भास ओसरतो. म्हणून पहिला हात पूर्ण वाळल्यावरच दुसरा द्या, आणि तो पट्ट्याच्या लांबीच्या दिशेने.