बाइंडिंग लावायला येताना बूट घेऊन या

आम्ही स्नोबोर्डचं बाइंडिंग, म्हणजे बूट फळीला धरून ठेवणारी जोडणी, बनवतो आणि बसवूनही देतो. डिसेंबर उजाडला की आमच्याकडे एकाच साच्याचे मेसेज सुरू होतात. "शनिवारी गुलमर्गला निघतोय. पाय आठ नंबरचा आहे. बाइंडिंग सेट करून ठेवा, संध्याकाळी घेऊन जातो." आम्ही विचारतो, बूट कुठे आहेत? बूट तिथे भाड्याने घ्यायचे असतात, नाहीतर मित्राकडून यायचे असतात, नाहीतर ठाण्याच्या घरी कपाटात असतात. मग आम्ही नाही म्हणतो आणि समोरच्याला वाटतं, ही माणसं उगाच अडून बसली आहेत. तसं नाही. का नाही, ते एकदा नीट सांगावं म्हणून हे पत्रक.

बाइंडिंग पायाला बसत नाही, बुटाला बसतं. आठ नंबर म्हणजे आपल्या दुकानांत ब्रिटिश आठ, म्हणजे साधारण २७ सेंटिमीटरचा पाय. स्नोबोर्डच्या बुटावर बहुतेक वेळा अमेरिकन नंबर ठळक छापलेला असतो, आणि पुरुषांच्या बुटात अमेरिकन आठ म्हणजे २६. एक सेंटिमीटर इथेच हरवला. म्हणून बुटाच्या लेबलवरचा सेंटिमीटरचा आकडा बघा, त्याला मोंडो म्हणतात. पण तोही आतल्या पायाचा आकडा आहे. बुटाचा बाहेरचा तळवा त्याहून लांब असतो, आणि किती लांब ते प्रत्येक कंपनीचं वेगळं. दोन कंपन्यांचे २७ चेच बूट आम्ही टेबलावर शेजारी ठेवून मोजले, तर तळव्यात दीड सेंटिमीटरचा फरक निघाला. रुंदीचं तेच. मेसेजमधल्या आकड्यावरून आम्ही बाइंडिंगची कुठली खाच निवडायची?

बूट धरला जातो तो तीन ठिकाणी. मागे टाचेची वाटी, घोट्यावरचा मोठा पट्टा, आणि पुढे बोटांवरचा लहान पट्टा. घोट्याचा पट्टा बुटाला तिरपा खाली आणि मागे ओढतो, बोटांचा पट्टा पुढून मागे ढकलतो, आणि दोघं मिळून टाच वाटीत नेऊन बसवतात. टाच वाटीत पक्की बसली की पट्टे बेताचेच ओढले तरी चालतात. बोटांवर भार देऊन फळीच्या पुढच्या कडेवर वळताना टाच उचलू पाहते, तिला घोट्याचा पट्टा धरतो. टाचेवर रेलून मागच्या कडेवर वळताना पोटरी बाइंडिंगच्या मागच्या उभ्या पाठीला, म्हणजे हायबॅकला, टेकते आणि तुमचा भार थेट कडेपर्यंत जातो. १९६५ साली मिशिगनमध्ये शर्मन पॉपेन यांनी दोन स्की जोडून जो "स्नर्फर", म्हणजे स्नोबोर्डचा पूर्वज, केला, त्यात पाय बांधायची सोय नव्हती, नुसती फळीच्या पुढच्या टोकाला बांधलेली दोरी हातात. सरळ उतार उतरायला ते पुरतं. कडेवर उभं राहून वळायचं असेल तर पाय आणि फळी एक व्हावी लागते.

आता ज्या चुकीत सगळ्यांचा वेळ जातो, ती. वाटी बुटापेक्षा मोठी लागली की टाचेमागे बोटभर फट राहते. माणसाला ते दिसत नाही, नुसतं सैल वाटतं. मग तो रॅचेट, म्हणजे पट्टा एकेक दात आवळणारी कळ, ओढतो. अजून सैल वाटतं, अजून दोन दात. टाच उचलायची ती उचलतेच, कारण दोष पट्ट्यात नाहीच, मागच्या फटीत आहे. घोटा आवळल्यामुळे पाय बधिर होतो, बोटं गार पडतात, आणि शेवटी दातेरी पट्टीचे दात झिजतात किंवा पट्टीच तुटते. आमच्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या बाइंडिंगमध्ये सगळ्यात जास्त तुटलेलं काही असेल तर घोट्याची दातेरी पट्टी. ती बदलायला पाच मिनिटं लागतात, पण गुलमर्गच्या अफरवत डोंगराच्या उतारावर ती पाच मिनिटं मिळत नाहीत. तीन हजार मीटरच्या वर, हातमोजे काढून, बर्फात बसून कोणी पट्टी बदलू नये, असं मला मनापासून वाटतं.

या चुकीला खतपाणी घालणारी आपली एक सवय आहे, थंडी म्हणून दोन-दोन, तीन-तीन सुती मोजे घालणं. सुती मोजा घामाने ओला होतो, ओला पाय गारठतो, आणि बुटाच्या आत टाच सरकायला जागा मिळते. लोकरीचा एकच लांब मोजा घाला. दुसरं, बुटाच्या तळाला आणि बेसप्लेटवर, म्हणजे बाइंडिंगच्या तळावर, चिकटलेलं बर्फ झटकून मगच पट्टे लावा. बर्फाच्या थरावर बूट ठेवून ओढलेला पट्टा, तो थर दबला की सैल पडतो. आणि पहिल्या फेरीनंतर एक दात पुन्हा ओढा. आतलं अस्तर गरम होऊन दबतं, ते व्हायचंच, त्यात बिघाड काही नाही.

आमचं बाइंडिंग आम्ही हे सगळं धरून बनवलं. टाचेची वाटी मागे-पुढे चार ठिकाणी बसते, पायाच्या बोटांखालचा उतार वेगळा सरकतो, घोट्याचा पट्टा दोन उंचींवर लावता येतो. काही जण विचारतात, हाताने फिरवायची चावी का नाही दिली, स्क्रूड्रायव्हर कशाला? सुरुवातीला दिली होती. थरथरीने ती हळूहळू फिरायची आणि वाटी सरकायची. आता वाटीखाली दात आहेत, स्क्रू आवळला की दातांत दात बसतात आणि हलत नाहीत. स्क्रूड्रायव्हर लागतो, हे मान्य. तीन नंबरचा स्टार स्क्रूड्रायव्हर आम्ही प्रत्येक जोडीसोबत देतो. रॅचेट आम्ही बनवत नाही, बाहेरून घेतो. ते काम आमच्यापेक्षा चांगलं करणारे लोक आहेत.

फळीला बाइंडिंग बसवणारे चार स्क्रू हरवले तर कृपया हार्डवेअरच्या दुकानातून "तसेच दिसणारे" टाकू नका. ते एम ६ चे असतात, पण लांबी महत्त्वाची. जास्त लांब स्क्रू आवळला तर फळीच्या तळाला आतून फुगवटा येतो, फार आखूड असेल तर आटे सोडतो. आम्ही चार जादा स्क्रूंची पुडी देतोच, संपली तर पुन्हा मागा. त्याचे पैसे घेत नाही.

स्की करता येणारे हमखास विचारतात की पडल्यावर हे सुटत का नाही. स्कीत दोन पाय दोन वेगळ्या पट्ट्यांवर असतात, एक पिळला तर गुडघा जातो, म्हणून तिथे सुटणारं बाइंडिंग हवं. इथे दोन्ही पाय एकाच फळीवर आहेत. एक सुटला आणि दुसरा अडकून राहिला, तर पिळण्याचा धोका उलट वाढतो.

बूट तिथेच भाड्याने घेणार असाल तरी या. तेव्हा आम्ही खाच ठरवत नाही, ती कशी ठरवायची ते शिकवतो. वीस मिनिटं लागतात. बूट वाटीत टेकवायचा, वरून बघायचं, बूट फळीच्या दोन्ही कडांबाहेर सारखाच डोकावतो का. एकाच बाजूला जास्त आला तर वळताना तो बर्फात घासणार. मग पट्टे लावून पुढच्या कडेवर झुकायचं आणि कोणाला तरी मागून टाचेखाली बोट घालायला सांगायचं. बोट गेलं तर वाटी एक दात पुढे.

बूट आणले असतील तर बसवायला साधारण चाळीस मिनिटं धरा. आमचं बाइंडिंग घेतलेल्यांना या कामाचे पैसे नाहीत, दुसऱ्या कंपनीचं आणलं तरी बसवून देतो, त्याचे घेतो. शक्यतो संध्याकाळी या, दिवसभर चालून पाय थोडे फुगलेले असतात आणि बुटाचं माप तेव्हाच खरं कळतं. आणि जो मोजा घालून बर्फावर जाणार, तोच घालून या.