दंडार कोणाच्या दप्तरी?

भाऊबीज झाली की झाडीपट्टीत मंडया, म्हणजे गावजत्रा, भरू लागतात. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर या पट्ट्यात तिथून होळीपर्यंत रोज कुठल्या ना कुठल्या गावी नाटक असतं. याच दिवसांत ग्रामपंचायतीच्या टेबलावर नाट्यमंडळांचे, भजनी मंडळांचे, दंडार म्हणजे इथलं नाचगाण्याचं लोकनाट्य करणाऱ्यांचे अर्ज येऊन पडतात. उत्तर बहुधा ठरलेलं असतं: जागा घ्या, टँकर लावून देतो, पण पैशासाठी आपल्याकडं हेड, म्हणजे खर्चाचं खातं, नाही. हे हेड का नाही, ते कळायला मालगुजारीपर्यंत मागं जावं लागतं.

पूर्व विदर्भातल्या गावांचा सारा मालगुजार गोळा करी. तलाव त्यानं बांधायचा, सणासुदीला दंडार, खडी गंमत ही लोकनाट्यं व्हायची तीही त्याच्याच वाड्यापुढं. मध्य प्रांतात 1883 साली स्थानिक स्वराज्याचा कायदा आला, 1948 साली जनपद सभा आल्या. पण त्यांचा जीव रस्ते, शाळा, दवाखान्यांत. कला हे मालगुजाराच्या मर्जीचं काम होतं आणि तसंच राहिलं. मग 1951 मध्ये मालगुजारी संपली. तलाव सरकारजमा झाले, पुढं त्यातले बरेचसे जिल्हा परिषदेकडं आले आणि आजही ‘मामा तलाव’ म्हणजे माजी मालगुजारी तलाव म्हणून तिच्या नोंदवहीत आहेत. अंगणातली दंडार मात्र कोणाच्याच दप्तरी आली नाही.

ती उचलली गावानं. मंडळ उभं राहतं, घरटी वर्गणी होते, कुणीतरी वडशाला जाऊन नाटक कंपनीचा ठेका ठरवून येतो. (कागदावर देसाईगंज, पण नाटकवाल्यांच्या तोंडी वडसाच.) धान निघालेल्या बांधीत माती उकरून मंच करायचा आणि उकरलेल्या खोलगट जागेत प्रेक्षक बसवायचे, ही इथली जुनी रीत. तिकिटातून ठेका फिटला आणि वर काही उरलं, तर ते देवळाला नाहीतर शाळेला जातं. म्हणजे मंडळ स्वतःच एक धर्मादाय संस्था. फक्त तिला तसं कुणी म्हणत नाही.

या हिशोबाचा दुसरा खांब शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत. दिवसा पट, रात्री नाटक. पटाला आलेला पाहुणा मुक्कामाला राहतो आणि तिकीट काढतो. मे 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बैलांच्या शर्यती बंद केल्या, तेव्हा तो पाहुणाच येईनासा झाला. डिसेंबर 2021 मध्ये परवानगी मिळेपर्यंत सात हंगाम गेले. त्या काळात नाट्यमंडळांना झालेली तूट भरून द्यावी, असं कुणाच्या मनातही आलं नाही. येणार कसं? पट बैलांचा विषय, नाटक माणसांचा. दोन्हींची खाती वेगळी.

कायद्यात अडचण होती असंही नाही. 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या ग्रामसूचीत शिक्षणाबरोबर सांस्कृतिक कामंही आहेत. 73 व्या घटनादुरुस्तीनं जोडलेल्या अकराव्या अनुसूचीच्या 29 विषयांत 21 वा विषय ‘सांस्कृतिक कार्य’ हाच. गडचिरोलीच्या अनुसूचित क्षेत्रात 1996 चा पेसा कायदा तर परंपरा आणि सांस्कृतिक ओळख जपायला ग्रामसभाच सक्षम आहे, असं म्हणतो. विषय आले, पैसा आला नाही. पंधराव्या वित्त आयोगाचा मोठा हिस्सा पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला. उरला ग्रामपंचायतीचा स्वनिधी, म्हणजे घरपट्टी आणि किरकोळ वसुली. त्यातले 15 टक्के मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला व बालकल्याणासाठी, 5 टक्के दिव्यांगांसाठी. हे वाटे योग्यच आहेत; पण छोट्या गावाची घरपट्टीच केवढी, आणि त्यातून शिपायाचा पगार, दिवाबत्ती भागल्यावर राहतं काय?

तरीही कलेच्या नावानं सरकारी पैसा गावात येतो, आणि बरा येतो: सिमेंट होऊन. समाजमंदिर, सांस्कृतिक भवन, खुला रंगमंच. बांधकामाचं इस्टिमेट करता येतं, मोजमाप वहीत नोंद होते, बिल निघतं. रात्रभर चाललेल्या दंडारीची एमबी, म्हणजे मोजमाप वही, कशी लिहिणार? म्हणून आमदार निधीतला ओटा गावोगाव उभा आहे. त्यावर नाटक क्वचितच होतं, कारण झाडीपट्टीच्या नाटकाला तो ओटा पुरत नाही. धान मात्र छान वाळतं.

कागदाची दुसरी अट नोंदणीची. संस्था नोंदणीचा कायदा 1860 चा, सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा 1950 चा. दोन्हींत पदाधिकारी, ठराव, दरवर्षीचं ऑडिट. ही चौकट गावांना पेलत नाही असं नाही. गावोगावची वाचनालयं 1967 च्या ग्रंथालय कायद्याखाली आली, वर्ग मिळाले, अनुदान सुरू झालं. पण ग्रंथालयाला पुस्तकं मोजून दाखवता येतात. नाट्यमंडळ हंगामापुरतं जमतं आणि होळीला पांगतं. त्याचा सगळा कारभार एका दोनशे पानी वहीत असतो, तीही पुढच्या वर्षी नव्या अध्यक्षाकडं जाते. तुकडोजी महाराजांची भजनी मंडळं सरकारी पैशाशिवाय घराघरांत पोचली, हे उदाहरण सभेत हमखास निघतं. पण खंजिरीला मांडव, लाइट, कलाकारांची नाइट, म्हणजे एका रात्रीचे पैसे, लागत नाही. तुलना तिथंच संपते.

एक वाट मात्र जिल्हा परिषदेतून जाते: वृद्ध साहित्यिक आणि कलावंतांचं मानधन. योजना 1954-55 ची, पैसा राज्याचा. अर्ज घ्यायचं काम पंचायत समितीचं असे. 2024 मध्ये तिला राजर्षी शाहू महाराजांचं नाव मिळालं आणि महिन्याचं मानधन सरसकट 5000 रुपये झालं. इथं मदत पहिल्यांदा थेट माणसापर्यंत पोचते, पण एकट्यापर्यंत, आणि त्याचे पाय थकल्यावर. 2023 मध्ये गडचिरोलीच्या परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा झाडीपट्टीचं नाव दिल्लीत गाजलं. गावच्या मंडळाचा अर्ज होता तिथंच राहिला.

मानधनाच्या अर्जाला पुरावे जोडावे लागतात: जुनी पत्रकं, कात्रणं, फोटो, संस्थांची प्रमाणपत्रं. नाटकातल्या नटाकडं निदान पत्रक असतं. दंडारीत जन्मभर लुगडं नेसून नाचलेल्या म्हाताऱ्याला प्रमाणपत्र द्यायचं कुणी, तर त्याच्या मंडळानं; आणि त्या मंडळाची नोंदणीच नाही.