तंत्रवार्तांवरील तिरकस वाद (इंदूर)

तंत्रवार्तांवरील तिरकस वाद : नवा फोन, कृत्रिम बुद्धिमत्तेविषयीचा नवा दावा, एखादी सरकारी संगणकीय योजना किंवा एखाद्या यंत्रणेचा उडालेला बोजवारा अशा बातमीवर ऑनलाइन रंगणारी आणि टोमणे, कोट्या व उपरोध यांच्या आधाराने पुढे सरकणारी चर्चा. जगभरात ती मुख्यतः इंग्रजीत चालते आणि तिच्यात बहुधा अनोळखी माणसे टोपणनावांनी एकमेकांना भिडतात. इंदूरच्या मराठी भाषकांत तिचे वेगळे रूप दिसते. इथे व्हॉट्सॲपवर वाद घालणारे नात्यातले, जुन्या शेजारातले, एका शाळेतले किंवा एका गणेशोत्सव मंडळातले असतात. सकाळी ज्याला टोमणा मारला त्याच्याच घरी संध्याकाळी आरतीला जायचे असते. टोमण्याची धार माणसावर धरायची की बातमीवर, हे या एका गोष्टीमुळे बरेचसे ठरून जाते.

लिहिलेल्या उपरोधाची मूळ अडचण अशी, की आवाजातला सूर अक्षरांत उतरत नाही. १९८२ मध्ये अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात संगणकावरून भौतिकशास्त्राचे एक कोडे फिरत होते : कोसळणाऱ्या लिफ्टमध्ये जळती मेणबत्ती आणि पाऱ्याचा थेंब असेल तर त्यांचे काय होईल? कोणीतरी गमतीने जाहीर केले, की प्रयोगामुळे डावीकडच्या लिफ्टमध्ये पारा सांडला आहे. काहींनी ती खरीच सूचना मानली. यावर तोडगा म्हणून संगणकशास्त्रज्ञ स्कॉट फालमन यांनी १९ सप्टेंबर १९८२ रोजी सुचवले, की विनोदी मजकुरापुढे अपूर्णविराम, आडवी रेघ आणि कंस यांचा आडवा हसरा चेहरा जोडावा. तो चेहरा जगभर गेला, पण अडचण पुरती सुटली नाही. जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लिहिणाऱ्यांना खात्री होती, की आपले वाक्य गंभीर आहे की उपरोधिक हे समोरच्याला सुमारे ७८ टक्के वेळा कळेल. आवाज ऐकणाऱ्यांनी ते ७३ टक्के वेळा ओळखले. ईमेल वाचणाऱ्यांचे प्रमाण मात्र ५६ टक्के निघाले, म्हणजे नुसत्या अंदाजाने ठोकून दिल्यापेक्षा किंचित बरे. त्याच वर्षी नेथन पो यांनी एका धार्मिक वादाच्या संदर्भात मांडलेले निरीक्षण आज तंत्रज्ञानालाही लावले जाते : उघड खूण नसेल तर अतिरेकी मताची नक्कल आणि खरे अतिरेकी मत यांतला फरक वाचकाला सांगता येत नाही.

या प्रकारातला सर्वांत गाजलेला वाद २९ जानेवारी १९९२ रोजी सुरू झाला. मिनिक्स या संचालन प्रणालीचे (ऑपरेटिंग सिस्टिमचे) निर्माते प्रा. अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी लिनक्स ही नवी प्रणाली कालबाह्य असल्याचे जाहीरपणे लिहिले. लिनक्सचा गाभा एकसंध होता, म्हणजे प्रणालीची सगळी कामे एकाच मोठ्या प्रोग्रॅममध्ये होती. टॅनेनबॉम यांच्या मते हे पाऊल १९७० च्या दशकाकडे मागे नेणारे होते, आणि भविष्य लहान गाभ्याचे व सुट्या भागांचे होते. लिनक्सचे निर्माते, तेव्हा २२ वर्षांचे असलेले लिनस टॉरवाल्ड्स यांनी तिखट उत्तर दिले : तुमचे काम प्राध्यापकाचे आणि संशोधकाचे आहे, मिनिक्समधल्या काही दोषांना तेवढी सबब पुरेशी आहे. टॅनेनबॉम यांनीही लिहिले, की माझे विद्यार्थी नाही आहात याबद्दल आभार माना, अशा रचनेला चांगले गुण मिळाले नसते. त्या वाक्यापुढे त्यांनी फालमन यांचा हसरा चेहरा जोडला होता. टॉरवाल्ड्स यांनी दुसऱ्याच दिवशी भाषेबद्दल माफी मागितली, मुद्दे मात्र सोडले नाहीत. पुढे लिनक्सचा गाभा अँड्रॉइडच्या रूपाने अब्जावधी फोनांत गेला. आणि २०१७ मध्ये उघड झाले, की इंटेलच्या चिपांमधील व्यवस्थापन यंत्रणेत मिनिक्स चालते. आपली प्रणाली इतक्या संगणकांत पोचल्याचे टॅनेनबॉम यांना तेव्हा कळले. दोघांच्याही भाकितांचा काही भाग चुकला आणि दोघांचीही निर्मिती जगभर पसरली. हा वाद आजही वाचनीय आहे, कारण त्यातला प्रत्येक टोमणा तपासता येईल अशा तांत्रिक विधानाला बांधलेला होता. तिरकस वादाची प्रत ठरवायला याहून चांगली कसोटी नाही.

इंदूरमध्ये असा वाद रुजण्याची कारणे शहराच्या घडणीत आहेत. १८१८ च्या मंदसौरच्या तहानंतर होळकरांची राजधानी इंदुरात आली आणि मराठी कुटुंबांची वस्ती वाढत गेली. रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर या भागांत आजही मराठी ठळकपणे ऐकू येते. घरात मराठी, रस्त्यावर माळव्याच्या वळणाची हिंदी आणि पडद्यावर इंग्रजी असा तिहेरी व्यवहार इथल्या माणसाला सवयीचा आहे. त्यामुळे इंग्रजी बातमीवर मराठीत सुरू झालेला वाद हिंदी टोल्यावर संपणे ही रोजची गोष्ट. दुसरे कारण शिक्षणाचे. १९५२ पासूनचे गोविंदराम सेकसरिया तंत्रज्ञान संस्थान, १९८४ मध्ये पायाभरणी झालेले आणि लोकांच्या तोंडी अजूनही ‘कॅट’ असलेले राजा रामन्ना प्रगत तंत्रज्ञान केंद्र, २००९ ची आयआयटी आणि सुपर कॉरिडॉरवरची टीसीएस व इन्फोसिसची संकुले यांमुळे बातमीमागचे यंत्र खरोखर जाणणारे कोणी ना कोणी मंडळींत असते. तिसरे कारण पुण्याचे. इंदूरच्या मराठी घरांतली पुष्कळ मुले नोकरीसाठी पुण्याला गेली. आई-वडील, काका-आत्या इकडे आणि संगणक क्षेत्रात राबणारी पिढी तिकडे, अशा ताणलेल्या नात्याला तंत्रज्ञानाची बातमी हा बोलायला सोपा विषय मिळाला.

या वादाचा नेहमीचा घाट असा. पुण्याचा पुतण्या बातमी पाठवतो, की आता कोड संगणकच लिहिणार. आत्या विचारते, “मग तू रात्री दोनपर्यंत जागून काय करतोस रे?” पुतण्या उत्तरतो, “आत्या, संगणकाने लिहिलेलं दुरुस्त करतोय.” काका लिहितात, “म्हणजे नोकरी पक्की म्हणायची.” इतक्यात वर्गमित्र हिंदीत शिरतो, “भिया, पोहे तो अभी भी हाथ से ही बन रिये हैं ना?” चार ओळींत बातमीचा दावा, त्याची मर्यादा आणि नोकरीची खरी काळजी हे सगळे येऊन जाते. आत्याच्या प्रश्नात टोमणा आहे, तशी विचारपूसही आहे, आणि ती मराठी घरात सरळ शब्दांत क्वचितच केली जाते. वाद चिघळू लागला की पहिली खूण संबोधनात दिसते. ‘अरे’ जाऊन ‘आपण’ येते, ‘काका’ जाऊन आडनावापुढे ‘साहेब’ लागते. जाणते लोक या टप्प्यावर लिहिणे थांबवून फोन उचलतात, आणि ते योग्यच आहे, कारण आवाजात सूर परत मिळतो.

उपरोधाने खोट्या बातमीला अडवल्याचे ठळक उदाहरण २०१६ चे. ८ नोव्हेंबरच्या नोटाबंदीनंतर दोन हजारांच्या नव्या नोटेत ‘नॅनो चिप’ असून जमिनीखाली १२० मीटरवर पुरलेली नोटही उपग्रहाला सापडेल, असे संदेश देशभर फिरले आणि काही वृत्तवाहिन्यांनीही ते दाखवले. रिझर्व्ह बँकेने असे काही नसल्याचे स्पष्ट केले. यावर सर्वांत उपयोगी ठरणारा प्रश्न वरकरणी खोडकर होता : त्या चिपला चार्जर कुठला लावायचा? या प्रश्नात भौतिकशास्त्र अचूक आहे. उपग्रहापर्यंत संदेश पोचवील एवढा वीजस्रोत कागदाच्या जाडीत मावत नाही, आणि स्वतःची वीज नसलेली चिप फार तर जवळच्या वाचकयंत्राला उत्तर देते, शेकडो किलोमीटर दूरच्या उपग्रहाला नाही. लांबलचक खुलासा जो वाचणार नाही, तो हा प्रश्न विसरणार नाही. ती नोट १९ मे २०२३ रोजी चलनातून मागे घेण्याची घोषणा झाली, तेव्हा चिपचे काय झाले ही विचारणा पुन्हा वर आली.

याहून मोठ्या प्रमाणावर विनोद आणि माहिती यांची जोड नेट-समानतेच्या, म्हणजे इंटरनेटवर सर्व संकेतस्थळांना सारखी वागणूक मिळावी या मागणीच्या, वादात जुळली. २०१५ च्या मार्चमध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने सल्लापत्र काढले. ठरावीक संकेतस्थळांना वेगळा दर लावू द्यावा का, हा त्यातला कळीचा प्रश्न होता. विषय रूक्ष, कागद लांब. विनोदकारांनी तो चित्रफितींतून सोपा केला आणि सोबत प्राधिकरणाला कुठे लिहायचे तेही सांगितले. दहा लाखांहून अधिक ईमेल गेले. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी प्राधिकरणाने मजकुरावरून वेगवेगळे डेटा-दर आकारण्यास मनाई केली आणि फेसबुकची ठरावीक संकेतस्थळे मोफत देणारी ‘फ्री बेसिक्स’ योजना भारतात थांबली. हसवण्याच्या पुढचे पाऊल वाचकाच्या हाती दिल्यामुळे या विनोदाचे वजन वाढले.

तिरकसपणा फसतो तो बहुधा अर्धवट आकड्यावर. २०२३ च्या जूनमध्ये चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयचे प्रमुख सॅम ऑल्टमन दिल्लीत आले असता त्यांना विचारले गेले, की एक कोटी डॉलरच्या भांडवलावर भारतीय गट मूलभूत प्रारूप (चॅटजीपीटीसारख्या सेवांच्या मुळाशी असलेली प्रणाली) बनवू शकेल का. प्रशिक्षणात आमच्याशी स्पर्धा करणे पूर्णपणे निरर्थक आहे, तरीही प्रयत्न करावा, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले. जानेवारी २०२५ मध्ये चीनच्या डीपसीक या कृत्रिम बुद्धिमत्ता कंपनीची चर्चा झाली आणि तिच्या व्ही-३ प्रारूपाच्या प्रशिक्षणाचा ५५.७६ लाख डॉलर हा आकडा त्या उत्तरावर टोला म्हणून सर्वत्र फेकला गेला. पण कंपनीच्याच अहवालात लिहिले होते, की हा खर्च फक्त अधिकृत प्रशिक्षणफेरीचा आहे. आधीचे संशोधन आणि प्रयोग त्यात धरलेले नाहीत. टोला मारणाऱ्या बहुतेकांनी ती ओळ वाचली नव्हती. कॅट किंवा आयआयटीशी संबंध असलेला एखादा माणूस अशा वेळी फक्त ती ओळ उचलून टाकतो, आणि सगळा आवेश तिथे थांबतो. मला हा या वादांतला सर्वांत मोलाचा क्षण वाटतो.

१९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक कंपनीच्या सुरक्षा प्रणालीतील सदोष अद्यतनामुळे जगातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोलमडले आणि भारतातील विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. सरवटे बसस्टँडवरच्या कंडक्टरचे तिकीट कधी ‘हँग’ होत नाही, हा इंदुरी शेरा त्या घटनेला साजेसा. सायबर हल्ला झाल्याची अफवाही त्या दिवशी पसरली होती, ती खोटी होती.

शहराच्या स्वतःच्या तंत्रज्ञानावरचे वाद अधिक जिव्हाळ्याचे असतात. जानेवारी २०१६ मध्ये इंदूर स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत आले, २०१७ पासून स्वच्छतेच्या क्रमवारीत अग्रस्थानी राहिले. या अभिमानामुळेच उणिवांवरची टीका बोचरी होते. ३१ मे २०२५ रोजी मेट्रो सुरू झाली ती सुपर कॉरिडॉरच्या विरळ वस्तीतल्या पाच स्थानकांदरम्यान, सुमारे सहा किलोमीटर. राजवाड्याच्या गर्दीत अडकलेला माणूस तिच्याविषयी तिरकस बोलला तर त्यामागे खरी गरज असते.

एक दोष मात्र इथेही सार्वत्रिक आहे. सी. नॉर्थकोट पार्किन्सन यांनी १९५७ मध्ये दाखवले, की समिती अणुभट्टीचा खर्च मिनिटांत मंजूर करते आणि सायकलींच्या शेडवर पाऊण तास भांडते, कारण शेड सगळ्यांना समजते. तंत्रवार्तांतही हेच घडते. नव्या फोनच्या रंगावर शंभर शेरे पडतात. शहराच्या कडेला असलेल्या कॅटमध्ये २.५ अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचा ‘इंडस-२’ हा सिंक्रोट्रॉन (इलेक्ट्रॉन अतिवेगाने फिरवून संशोधनासाठी प्रखर किरण मिळवणारे यंत्र) चालतो, त्यावर कोणी एक कोटीही करत नाही. मराठीत विज्ञानाची बातमी समजावून देणारे लेखन वाढल्याशिवाय हे बदलणार नाही.

कायद्याची बाजू थोडक्यात अशी. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-अ मुळे ‘त्रासदायक’ संदेश पाठवणेही गुन्हा ठरू शकत होते. सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात ते कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केले. एखाद्या सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी व्हॉट्सॲप समूहाच्या ॲडमिनला केवळ तो ॲडमिन आहे म्हणून जबाबदार धरता येत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटले. बदनामी मात्र भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली आजही गुन्हा आहे, आणि उपरोधाच्या भाषेत केलेला आरोपही त्यात येऊ शकतो.