इंजिनबदल (ग्रामीण विदर्भ)

इंजिनबदल म्हणजे गाडीचे मूळ इंजिन काढून त्या जागी दुसऱ्या गाडीतून उतरवलेले इंजिन बसवणे. सोबत त्याच गाडीचा गिअरबॉक्स आला तर काम बहुधा धड होते; नाही आला तर बहुधा रखडते. विदर्भात तालुक्याच्या गॅरेजात याला ‘दुसरं इंजन टाकणं’ म्हणतात. ज्या गाडीतून सामान निघते ती कटिंगची गाडी : अपघातात चेपलेली, पुरात बुडालेली, हप्ते थकल्यावर ओढून नेलेली, किंवा वर्षानुवर्षे पासिंग करून शेवटी भंगारात निघालेली. ‘इंजिनकाम’ ही वेगळी गोष्ट. त्यात बोअर मारून, पिस्टन-रिंगा बदलून, क्रँक घासून तेच इंजिन पुन्हा बांधतात. ‘हाफ इंजिन’ हा मधला मार्ग : ब्लॉक, क्रँक आणि पिस्टन दुसरीकडचे, हेड आणि पंप आपलेच.

जीप आणि तिची इंजिने : या भागात इंजिनबदलाचा विषय निघाला की आधी जीप आठवते, आणि त्याला कारण आहे. महिंद्राने १९४० च्या दशकाच्या अखेरीस विलीज जीपची जुळणी भारतात सुरू केली. पुढे आलेल्या सीजे-३बी या नमुन्यात २.२ लिटरचे ‘हरिकेन’ पेट्रोल इंजिन आणि तीन गिअरचा टी-९० गिअरबॉक्स होता. गाडी दणकट, पण पेट्रोल पिणारी. बागायतदार, सरकारी खाती आणि निवडणुकीतले उमेदवार यांना ती परवडे. सरकारी लिलावात ती शेतकऱ्याच्या हाती आली की परवडेनाशी होई. त्याच्या गोठ्याशेजारी ट्रॅक्टर मात्र डिझेलवर चाले. महिंद्राच्या डिझेल जीपला सुरुवातीला २३५० सीसीचे जे इंजिन मिळाले, त्याचे मूळ इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या बी-२७५ या ट्रॅक्टरच्या इंजिनात होते. साहजिकच ट्रॅक्टर दुरुस्त करणारा मिस्त्री जीपचे बॉनेट उघडून बावरला नाही.

त्यानंतर पेजोचे (लोक ‘प्युजो’ म्हणतात) एक्सडीपी ४.९० आले. नावातच त्याची कुंडली आहे : चार सिलिंडर, प्रत्येकाचा बोअर (आतला व्यास) ९० मिलिमीटर. बोअरच्या क्षेत्रफळाला पिस्टनच्या ८३ मिलिमीटरच्या स्ट्रोकने आणि चाराने गुणले की २११२ सीसी होतात. एमएम-५४० या जीपमध्ये ते चार गिअरच्या केएमटी-९० गिअरबॉक्सला जोडलेले असे. पुढे २४९८ सीसीचे एक्सडी३पी आणि नंतर मार्शल, कमांडर, बोलेरो अशा गाड्यांतून २५२३ सीसीचे डीआय (डिझेल थेट सिलिंडरमध्ये फवारणारे) इंजिन आले. एकाच घराण्याच्या, शिडीसारख्या चासीच्या गाड्यांत पिढी दर पिढी इंजिने बदलत गेली, म्हणून जुन्या जीपला नवे हृदय मिळणे सोपे झाले. काळी-पिवळी जीप दिवसभर प्रवासी वाहून बॉडीने खंगायची तेव्हा तिचे इंजिन अजून चालते असायचे. शेतातली जीप बॉडीने धड आणि इंजिनाने खलास असायची. दोघींची गाठ गॅरेजात पडे. टेम्पो ट्रॅक्समधले, मर्सिडीजच्या परवान्याने बनलेले २.४ लिटरचे ओएम-६१६ इंजिनही जीपमध्ये घालण्याचे प्रयोग झाले, पण ते घराबाहेरचे लग्न. त्यात मध्यस्थी जास्त लागते.

जोडी फोडू नये : बैलबाजारात कामाला जुंपलेली जोडी फोडून एकच बैल घेणारा माणूस नंतर महिनाभर शेतात डोके धरून बसतो. इंजिन आणि गिअरबॉक्स यांचेही तसेच. या दोहोंच्या मध्ये जी वीतभर जागा असते तिथेच इंजिनबदलाची निम्मी दुखणी असतात. इंजिनाच्या मागच्या तोंडाचे बोल्ट आणि गिअरबॉक्सच्या बेल हाऊसिंगची भोके जुळली पाहिजेत. गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचे टोक क्रँकच्या मागच्या पायलट बेअरिंगमध्ये नेमके बसले पाहिजे. शाफ्ट आखूड पडला तर टोक अधांतरी, लांब पडला तर क्रँकवर दाब. क्लच प्लेटचे स्प्लाइन शाफ्टचे, पण प्लेटचा घेर फ्लायव्हीलचा. सेल्फचे दात फ्लायव्हीलच्या रिंगशी जुळले नाहीत तर सेल्फ नुसता कर्र करतो. एकाच गाडीतून दोन्ही उतरवले की हे सगळे प्रश्न कारखान्यातच सुटलेले मिळतात.

जोडी मिळाली नाही तर मध्ये लोखंडी प्लेट घालतात. एका अंगाला इंजिनाची भोके, दुसऱ्या अंगाला गिअरबॉक्सची. कापसाच्या पट्ट्यात एक सोय अशी की जिनिंग-प्रेसिंगच्या यंत्रांचे काम करणारे लेथ आणि हाताने तयार झालेले टर्नर तिथे सापडतात. प्लेट कापून, भोके मारून मिळते. अडचण भोकांची नसते, मध्यबिंदूची असते. क्रँकचा मध्य आणि शाफ्टचा मध्य केसाइतका जरी हलला तरी गाडी सुरू होते, चालते, मालक पेढे वाटतो. काही आठवड्यांनी क्लच थरथरू लागतो आणि गिअरबॉक्सचे पुढचे बेअरिंग गुणगुणते. फ्लायव्हीलवर डायल गेज (केसाएवढा फरक दाखवणारे मापक) लावून हाऊसिंगचा मध्य तपासला तर हे आधीच कळते. तालुक्याच्या गॅरेजात डायल गेज क्वचित दिसतो, आणि लेथवाल्याकडे असतो तो मागायला कुणी जात नाही.

इंजिन-गिअरबॉक्सची जोडी एकत्रच येते, याचे अ‍ॅम्बेसेडर हे दुसरे उदाहरण. जुन्या गाडीत १४८९ सीसीचे पेट्रोल इंजिन आणि स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअरचा दांडा. १९९० च्या दशकात आलेल्या १.८ लिटर इसुझू इंजिनासोबत पाच गिअरचा, खाली जमिनीवर दांडा असलेला गिअरबॉक्स आला. जुन्या अ‍ॅम्बेसेडरमध्ये ही जोडी घालायची तर पुढच्या सीटच्या पायाशी पत्रा कापावा लागतो आणि मधल्या प्रवाशाची जागा जाते. लग्नाच्या गाडीला ते जड जाई.

मारुती ८०० आणि ओम्नी यांचा घोळ अनेकांना फसवतो. दोन्हींत ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे एकाच घराण्याचे इंजिन. पण ८०० मध्ये ते आडवे आणि पुढची चाके ओढणारे, ओम्नीत सीटखाली उभे आणि मागची चाके ढकलणारे. इंजिन एकाचे दुसऱ्याला होऊ शकते, गिअरबॉक्स मात्र होत नाही.

बसवण्याचे काम : बॉनेट, रेडिएटर आणि पुढची जाळी काढून चेन-कुप्पीने इंजिन वर घेतात. चेन-कुप्पी टांगायला गॅरेजात गर्डर नसेल तर तीन पाइपांची तिपाई, तीही नसेल तर कडुनिंबाची फांदी. फांदीवर इंजिन टांगून जेवायला जाऊ नये, एवढे या नोंदीत लिहून ठेवायला हरकत नाही. काम शक्यतो पावसाळ्यापूर्वी काढतात, कारण काळी माती ओली झाली की जॅकखालची फळी आणि जॅक दोन्ही खाली जातात. शिवाय तोवर कापसाचा-तुरीचा चुकारा हाती आलेला असतो.

इंजिन जागेवर टेकवले की पहिला अडथळा खालून येतो. चार चाकी ओढीच्या जीपमध्ये पुढच्या एक्सलचा गोळा (डिफरन्शियल) इंजिनाखालीच असतो, आणि नव्या इंजिनाचे ऑइल चेंबर त्यावर आपटते. मग चेंबर कापून, खोलगट भाग मागे सरकवून वेल्डिंग करतात, किंवा फाउंडेशन (इंजिन ज्या आधारांवर बसते ते) वर उचलतात. फाउंडेशन उचलले की पंख्याचा मध्य रेडिएटरच्या वर जातो. एक सरळ केले की दुसरे वाकडे होते. जड डिझेल इंजिनामुळे पुढच्या कमानी बसतात, तिथे एखादा पाटा वाढवावा लागतो.

गिअरबॉक्सची लांबी बदलली की प्रॉपेलर शाफ्ट कापणे किंवा वाढवणे आले. कापून जोडलेला शाफ्ट बॅलन्स न करता लावला तर ठरावीक वेगाला अख्खी गाडी घुमते आणि क्रॉस (शाफ्टच्या टोकांचे सांधे) लवकर जातात. जुन्या जीपची आणखी एक गंमत : डाना-१८ ट्रान्स्फर केसमधून (पुढच्या-मागच्या एक्सलांना ओढ वाटणारा डबा) मागचा शाफ्ट एका बाजूने निघतो, म्हणून मागच्या एक्सलचा गोळाही उजवीकडे सरकलेला असतो. डिझेल वाचवायला कुणी ट्रान्स्फर केस काढून सरळ गिअरबॉक्स लावला, की शाफ्ट तिरका धावतो. अशा वेळी मध्यावर गोळा असलेला एक्सलही कटिंगच्या गाडीतून घ्यावा लागतो.

एक्सलचे गुणोत्तर, म्हणजे चाकाच्या एका फेरीमागे शाफ्टचे किती फेरे, हा विषय मिस्त्री बहुधा शेवटी काढतात, खरे तर तो आधी निघायला हवा. सीजे-३बीचे गुणोत्तर ५.३८. चाकाचा घेर अंदाजे २.२ मीटर धरला तर टॉप गिअरमध्ये इंजिन मिनिटाला २५०० फेरे फिरताना गाडी ताशी साधारण ६० किलोमीटर पळते. ४.१० गुणोत्तराच्या एक्सलवर तेच फेरे ताशी ८० देतात. मेळघाटात धारणीकडच्या घाटात ५.३८ उत्तम, नागपूर-अमरावती रस्त्यावर तीच गाडी नुसती ओरडते. इंजिन बदलूनही ‘गाडी पळत नाही’ ही तक्रार येते तेव्हा दोष बऱ्याचदा इंजिनात नसतो.

पेट्रोलच्या जागी डिझेल बसवताना काही लहान गोष्टी हमखास विसरल्या जातात, आणि त्यांतली एक जिवावरची आहे. ब्रेकच्या बूस्टरला लागणारा व्हॅक्युम पेट्रोल इंजिनाच्या मॅनिफोल्डमधून आपोआप मिळतो. डिझेल इंजिनात हवेचा मार्ग अडवणारी पाकळी नसल्याने तो मिळत नाही. त्यासाठी वेगळा व्हॅक्युम पंप असतो, पुष्कळदा अल्टरनेटरच्या पाठीवर. बूस्टर असलेल्या गाडीत हा पंप राहून गेला तर ब्रेकचे पेडल दगडासारखे लागते. बाकीच्या गोष्टी त्या मानाने साध्या : पंपातून टाकीकडे डिझेलची परतीची नळी, जुन्या धाटणीचे डिझेल इंजिन बंद करायला ओढण्याची केबल, मोठी बॅटरी. पेजोच्या इंजिनाला हीटर प्लग लागतात. डिसेंबरच्या पहाटे ते जळालेले असले तर गल्लीतली चार माणसे गाडी ढकलायला बोलवावी लागतात. डीआयला ती भानगड नाही, ती खटखट करीत का होईना, उठते. शेवटी सगळ्या नळ्यांतून हवा काढली की इंजिन पहिला धूर टाकते.

मग खरी परीक्षा मे महिन्याची. अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरी या बाजूला पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. पेट्रोल जीपचा रेडिएटर डिझेलला जानेवारीत पुरतो आणि मेमध्ये उकळतो. रेडिएटर, पंख्याचे आवरण आणि होज हे इंजिनाबरोबरच त्याच गाडीतून उतरवावेत.

कटिंगच्या गाडीची पारख : इंजिन शक्यतो चालू अवस्थेत पाहूनच घ्यावे. थंड इंजिन स्वतःच्या हाताने सुरू करावे. विकणाऱ्याने आधीच तापवून ठेवले असेल तर तोच एक इशारा. ऑइलचे झाकण उघडल्यावर भकाभक धूर आला तर ते ‘बॅक कॉम्प्रेशन मारते’, म्हणजे रिंगा-बोअर गेलेले. ऑइल दुधाळ दिसले तर पाणी आत शिरले आहे. गिअरबॉक्सची परीक्षा उतारावर : पाय उचलल्यावर गिअर सटकतो का पाहावे. पुरातले इंजिन स्वस्त मिळते, पण सिलिंडरमध्ये पाणी असताना कुणी सेल्फ मारला असेल तर कनेक्टिंग रॉड वाकलेला असू शकतो आणि तो बाहेरून दिसत नाही. सौदा ठरला की फाउंडेशन, क्लचचा दांडा, अ‍ॅक्सिलरेटरची केबल, सेल्फ, शाफ्ट, नटबोल्टसुद्धा गोणीत भरून आणावेत. राहिलेल्या एका ब्रॅकेटसाठी दोनशे किलोमीटरची चक्कर पडते.

कॉमन रेल डिझेल आणि अलीकडच्या पेट्रोल गाड्यांत लोखंडापेक्षा तारा महत्त्वाच्या झाल्या. इंजिनाबरोबर त्याचा ईसीएम (इंजिन चालवणारा संगणक), पूर्ण वायरिंग, पेडलचा सेन्सर, इमोबिलायझर (ओळखीच्या चावीशिवाय गाडी सुरू न होऊ देणारे यंत्र) आणि तीच चावी आली नाही, तर सगळे जागेवर बसूनही गाडी सुरू होत नाही. असे इंजिन महिनोन्‌महिने गोदामात पडले असेल तर वायरिंग हात फिरवून तपासावे. सोयाबीन-कापसाच्या गोदामातले उंदीर तारा कुरतडतात.

कागद : आरसी बुकावर इंजिन नंबर आणि चासी नंबर दोन्ही असतात, म्हणून इंजिनबदल हा आरटीओचाही विषय आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत फेरफार करता येत नाही. इंजिन बदलल्यास नोंदणी प्राधिकाऱ्याला चौदा दिवसांत कळवून आरसीवर नोंद करून घ्यावी लागते. दहा किंवा अधिक परिवहन वाहनांच्या मालकांना राज्य सरकार त्याच मेकचे व प्रकारचे इंजिन पूर्वपरवानगीशिवाय बदलण्याची मुभा देऊ शकते. एका जीपच्या मालकाला ती नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळमधल्या प्रकरणात निर्मात्याच्या तपशिलाबाहेरच्या फेरफारांना मनाई असल्याचे स्पष्ट केले, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा फेरफारासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आली. त्यामुळे त्याच मेकचे, त्याच प्रकारचे, त्याच इंधनाचे इंजिन हाच आज सरळ मार्ग. पेट्रोलची जीप डिझेलवर नेण्याचा जुना रिवाज गॅरेजात अजून जिवंत आहे, कागदावर त्याला जागा आक्रसली आहे.

एमएच-२७ अमरावतीची असो की एमएच-२९ यवतमाळची, पासिंगला गाडी गेली की इंजिन नंबर आरसीशी ताडून पाहतात. म्हणून इंजिन घेताना पक्के बिल आणि कटिंगच्या गाडीच्या आरसीची प्रत घ्यावी. घासलेला किंवा पुन्हा ठोकलेला नंबर दिसला तर किंमत कितीही पडती असो, हात लावू नये. असे इंजिन चोरीचे असण्याचा संभव मोठा. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची संमती लागते, आणि विमा कंपनीला कळवले नसेल तर अपघातानंतर दाव्याच्या वेळी अडते.

उरलेली गाडी : इंजिन-गिअरबॉक्स गेल्यावर कटिंगच्या गाडीची नोंदणी रद्द करून घेणे मालकाचे काम, कायमची निकामी झालेली गाडीही चौदा दिवसांत कळवायची असते. पुढे तिची वाटणी गावातच होते. पत्रा भंगारात, सीटा पानठेल्यासमोर, कमानीचे पाटे लोहाराकडे विळे-कुऱ्हाडी होण्यासाठी. मागचा एक्सल हब-टायरसकट सुताराकडे जातो आणि रबरी चाकांच्या बंडीखाली बसतो.