हॉल सेन्सरवरून मोटरचा वेग कसा मोजला जातो: आमच्या ड्राइव्ह कार्डाच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

मोटर एकसारखी फिरत आहे, शाफ्टला कान दिला तरी आवाजात चढउतार नाही, आणि तरीही पडद्यावरचा आरपीएमचा (दर मिनिटाच्या फेऱ्यांचा) आकडा मात्र सतत नाचतो आहे, अशी विचारणा आमच्याकडे भोसरी आणि चाकण परिसरातील ग्राहकांकडून वारंवार येते. बहुतेक वेळा मोटरही ठीक असते आणि ती चालवणारे आमचे कार्डही ठीक असते. आकडा कसा काढला जातो हे समजले की दोष कोठे शोधायचा हेही समजते, म्हणून हे माहितीपत्रक थोडे सविस्तर लिहिले आहे. जे ग्राहक आमच्या कार्डातील मायक्रोकंट्रोलरसाठी स्वतःचा प्रोग्रॅम लिहितात, त्यांना ते विशेष उपयोगी पडेल.

सेन्सर काय सांगतो

विद्युतप्रवाह वाहणाऱ्या पट्टीला आडवे चुंबकीय क्षेत्र लावले तर पट्टीच्या दोन कडांमध्ये अल्प व्होल्टेज निर्माण होते, हे एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये दाखवून दिले. बीएलडीसी (ब्रश नसलेल्या डीसी) मोटरमधील सेन्सर याच परिणामावर चालतो. मात्र आतील सर्किटमुळे त्याचे उत्तर फक्त दोन प्रकारचे असते, शून्य किंवा एक. असे तीन सेन्सर एकमेकांपासून १२० विद्युत अंशांवर बसवलेले असतात (ध्रुवांची एक जोडी सेन्सरसमोरून जाणे म्हणजे एक विद्युत फेरा, अर्थात ३६० विद्युत अंश). त्यामुळे एका विद्युत फेऱ्यात तिन्ही तारांवर मिळून सहा बदल होतात आणि प्रत्येक बदल आदर्श स्थितीत ६० विद्युत अंशांनी येतो. शाफ्टच्या एका फेऱ्यात किती विद्युत फेरे होतील हे ध्रुवांच्या जोड्यांवर ठरते. चार जोड्यांच्या मोटरमध्ये एका फेऱ्याला २४ बदल होतात, आणि पुढील सर्व उदाहरणे याच मोटरची आहेत.

वेग काढण्याचे दोन मार्ग आहेत. ठरावीक काळात किती बदल झाले ते मोजणे हा एक, आणि दोन बदलांमध्ये किती काळ गेला ते मोजणे हा दुसरा. पहिला मार्ग सोपा आहे, पण १०० मिलिसेकंदांच्या खिडकीत एक बदल कमीजास्त झाला तर आकडा २५ आरपीएमने उडी मारतो, मग मोटर ३००० ने फिरत असो वा ३०० ने. दुसऱ्या मार्गात ३००० आरपीएमला दोन बदलांमध्ये सुमारे ८३३ मायक्रोसेकंद मिळतात. टायमर दर मायक्रोसेकंदाला एक पाऊल पुढे जात असेल तर एका पावलाची चूक साडेतीन आरपीएमच्या आसपास राहते आणि वेग कमी होईल तशी ती आणखी घटते. म्हणून आमच्या कार्डात आम्ही काळ मोजतो.

आकडा का नाचतो

येथेच सर्वांत जास्त गैरसमज होतो. सेन्सर मोटरच्या आत अगदी काटेकोरपणे बसलेले असतीलच असे नाही. एखादा सेन्सर शाफ्टच्या हिशेबाने फक्त एक अंश सरकला असेल, तर चार जोड्यांच्या मोटरमध्ये तो चार विद्युत अंश सरकलेला असतो; परिणामी त्याच्या आधीचे अंतर ६० ऐवजी ६४ अंशांचे आणि नंतरचे ५६ अंशांचे होते. प्रत्येक अंतर ६० अंशांचेच आहे असे धरून हिशेब करणारा प्रोग्रॅम, ३००० आरपीएमने स्थिर फिरणाऱ्या मोटरसाठी एकदा सुमारे २८१२ आणि लगेच पुढे सुमारे ३२१४ दाखवतो. घड्याळाच्या तबकडीवरील आकडे वेडेवाकडे चिकटवले तरी काट्याचा पूर्ण फेरा तेवढ्याच वेळात होतो. येथेही तसेच आहे. लागोपाठच्या सहा अंतरांची बेरीज केली तर ती नेहमी ३६० विद्युत अंशच भरते आणि सेन्सरची चूक आपोआप वगळली जाते. रोटरवरील चुंबकांच्या अंतरातही थोडा फरक असतो. तोही घालवायचा असेल तर पूर्ण २४ अंतरांची बेरीज घ्यावी.

आमचा आग्रह असा आहे की पडद्यावर दाखवायचा वेग शाफ्टच्या पूर्ण फेऱ्यावरून काढावा आणि वेग स्थिर राखणाऱ्या नियंत्रणासाठी सहा अंतरांची सरकती बेरीज वापरावी. ३००० आरपीएमला पूर्ण फेरा २० मिलिसेकंदांत होतो, पण ६० आरपीएमला त्यालाच एक सेकंद लागतो आणि एवढी जुनी माहिती नियंत्रणाच्या कामाची नसते. एकाच अंतरावरून काढलेला वेग नियंत्रणाला देणे मात्र टाळावेच, कारण मग ड्राइव्ह प्रत्यक्षात नसलेला चढउतार दुरुस्त करू लागते आणि खरा चढउतार निर्माण करते.

टायमरची मांडणी

एसटीएम३२ जातीच्या मायक्रोकंट्रोलरमध्ये तिन्ही सेन्सरचे संकेत एक्सॉर करून (कोणताही एक बदलला तरी बदलेल असा एकच संकेत बनवून) टायमरच्या एकाच कॅप्चर, म्हणजे वेळ टिपणाऱ्या, मार्गावर देण्याची सोय आतच असते. कोणत्याही तारेवर बदल झाला की त्या क्षणीची टायमरची संख्या हार्डवेअर स्वतः टिपून ठेवते. इंटरप्ट, म्हणजे त्या बदलावर चालणारा प्रोग्रॅमचा भाग, थोडा उशिरा चालला तरी टिपलेली वेळ बदलत नाही. दिशा हवी असेल तर तिन्ही तारांची स्थिती वाचून क्रम पाहावा लागतो. अर्डुइनो उनोवर कॅप्चरची एकच पिन असल्यामुळे तेथे एका सेन्सरवर काम भागवावे लागते. वेग कळतो, दिशा कळत नाही.

सोळा बिटांचा टायमर मायक्रोसेकंदाच्या पावलांनी ६५.५ मिलिसेकंदांत पूर्ण भरतो. म्हणजे आपल्या उदाहरणात ३८ आरपीएमच्या खाली दोन बदलांमधील काळ त्यात मावत नाही. मंद कन्व्हेयरसाठी म्हणूनच टायमर किती वेळा भरला हे वेगळे मोजावे. कॅप्चर आणि टायमर भरणे या दोन घटना जवळजवळ एकाच वेळी घडल्या तर कोणती आधी झाली हे प्रोग्रॅमने तपासलेच पाहिजे, अन्यथा क्वचित एखादा आकडा पूर्णपणे खोटा येतो.

मोटर थांबल्यावर बदलच येत नाहीत, आणि तसा प्रोग्रॅम लिहिला नसेल तर पडद्यावर शेवटचा वेग तसाच राहतो. यंत्रात हात घालणाऱ्या कामगाराच्या दृष्टीने ही गोष्ट गंभीर आहे. ठरावीक काळ बदल न आल्यास वेग शून्य धरावा. पडद्यावरील शून्य पाहून मात्र यंत्र उघडू नये. सेन्सरची तार तुटली तरीही शून्य दिसू शकते, म्हणून मुख्य पुरवठा बंद करूनच हात घालावा.

जोडणी

बहुतेक सेन्सरचे आउटपुट ओपन कलेक्टर प्रकारचे असते, म्हणजे ते तार फक्त शून्याकडे खेचू शकते; त्यामुळे प्रत्येक तारेला मायक्रोकंट्रोलरच्याच व्होल्टेजवर ४.७ किलोओहमचा पुलअप (तार वर ओढून धरणारा रेझिस्टर) लागतो. मोटरच्या जाड तारांतील पीडब्ल्यूएमचा (पुरवठा वेगाने चालू-बंद करण्याचा) गोंगाट सेन्सरच्या तारांत शिरतो. दोन्ही तारा एकाच पाइपातून नेऊ नयेत. प्रत्येक संकेतावर १ नॅनोफॅरडचा कपॅसिटर पुरेसा आहे. पुण्याच्या तपकीर गल्लीतून सहज मिळणारा १०४ क्रमांकाचा, म्हणजे १०० नॅनोफॅरडचा, कपॅसिटर लावण्याचा मोह आवरावा. त्याने चढणारा बदल सुमारे ३०० मायक्रोसेकंद उशिरा पोहोचतो आणि उतरणारा वेळेवर येतो. सहा अंतरांच्या बेरजेमुळे वेग योग्य दिसत राहतो, पण कम्युटेशन (एका वाइंडिंगवरून दुसऱ्यावर प्रवाह वळवणे) उशिरा होऊन मोटर मात्र तापते.

तिन्ही संकेत एकाच वेळी शून्य किंवा एकाच वेळी एक दिसले, तर १२० अंशांच्या मोटरमध्ये ती स्थिती अशक्य आहे. सर्व एक असल्यास प्रथम सेन्सरचा पुरवठा आणि कनेक्टर तपासावा.

आकडा स्थिर असूनही नेमका निम्मा किंवा दुप्पट येत असेल, तर ध्रुवांची जोडी भरण्यात चूक आहे. मोटरच्या पट्टीवर ८ पोल लिहिलेले असताना कार्डात ४ भरायचे असतात. पट्टी पुसली गेली असल्यास मोटरचा मुख्य पुरवठा बंद ठेवून फक्त सेन्सरला पुरवठा द्यावा, शाफ्टवर खूण करावी, एका सेन्सरच्या तारेवर मल्टिमीटर लावून शाफ्ट हाताने सावकाश एक फेरा फिरवावा आणि व्होल्टेज किती वेळा वर जाते ते मोजावे. तीच जोड्यांची संख्या.

एवढे करूनही शंका राहिल्यास मोटर आणि कार्ड दोन्ही सोबत घेऊन यावे, शक्यतो कारखान्यात वापरलेल्याच केबलसह. गुरुवारी आमचे काम बंद असते.