ॲप म्हणतं हवा चांगली. पण कुठली हवा?

दापोली किंवा देवगडकडच्या एखाद्या वाडीचं नाव हवेच्या ॲपमध्ये टाका. क्षणात उत्तर येतं: ६२, पोपटी रंग, ‘समाधानकारक’. वाडीत हवा मोजणारं यंत्र नाही, शेजारच्या गावात नाही, तालुक्याच्या ठिकाणीही बहुधा नाही. मग हा ६२ आला कुठून?

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं ‘समीर’ ॲप प्रत्यक्ष मोजणी करणाऱ्या केंद्रांचेच आकडे दाखवतं. मुंबई, ठाणे, नवी मुंबईच्या पट्ट्यात अशी केंद्रं दाटीने आहेत. पनवेल मागे टाकून महामार्गाने खाली उतरू लागलं की ती विरळ होत जातात. ‘समीर’मध्ये आपलं गावच सापडत नाही म्हणून कुणी वैतागून ते फोनमधून काढूनही टाकतं. मला विचाराल तर त्याचा हाच गुण आहे. मोजलेलं नाही, म्हणून ते सांगत नाही.

बाकीची अनेक ॲप रिकामी जागा गणिताने भरतात. उपग्रहाला वरून दिसणारा धुरकटपणा, वाऱ्याचा अंदाज, कारखाने, वाहनं आणि आगी यांच्या धुराचा ढोबळ हिशेब असं सगळं एकत्र करून संगणक नकाशावरच्या प्रत्येक चौकोनाला एक आकडा देतो. या गणिती मांडणीला प्रारूप म्हणतात. युरोपच्या ‘कोपर्निकस’ सेवेच्या जागतिक प्रारूपात हा चौकोन साधारण ४० किलोमीटरचा आहे. वाऱ्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ‘विंडी’ ॲपमधला सूक्ष्म कणांचा नकाशा याच प्रारूपातून येतो. रत्नागिरीच्या किनाऱ्यापासून सह्याद्रीच्या पायथ्यापर्यंत असे फार तर दीड चौकोन बसतील. म्हणजे बंदर, खाडी, आंब्याच्या बागा, जांभ्या दगडाच्या चिरेखाणी आणि महामार्गाचा धुरळा, सगळ्यांना मिळून एक आकडा. त्यातही पावसाळ्यात उपग्रहाला ढगांखालचं काही दिसत नाही.

तरी ही प्रारूपं टाकाऊ नाहीत. लांबून येणारं त्यांना चांगलं दिसतं. २०२२ च्या जानेवारीत, २२-२३ तारखेला, पाकिस्तानच्या बाजूने उठलेली धूळ अरबी समुद्र ओलांडून मुंबई आणि आसपासच्या किनाऱ्यावर आली आणि भर दिवसा आकाश पांढुरकं झालं. असे लोट चौकोनांच्या जाळ्यात बरोबर सापडतात. परसातला धूर मात्र निसटतो.

आणि कोकणात छातीला त्रास देतो तो बहुतेकदा हा परसातलाच धूर. भाजावळीचं उदाहरण घ्या. पावसाआधी तरव्याच्या, म्हणजे भाताची रोपं वाढवायच्या जागेवर कवळ (तोडलेल्या फांद्या), पातेरा (वाळका पाला), शेण पसरून पेटवून देतात. समजा, तुमच्या घराला लागून सकाळी दोन तास भाजावळ चालली. त्या दोन तासांत हवेत पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रोमीटरपेक्षा बारीक कण घनमीटरला ३०० मायक्रोग्रॅम होते, आणि उरलेले २२ तास अवघे २५. आपला राष्ट्रीय हवा गुणवत्ता निर्देशांक या कणांची २४ तासांची सरासरी धरतो. ती येते ४८. तिचा निर्देशांक होतो ८० च्या आसपास. पुन्हा पोपटी, पुन्हा ‘समाधानकारक’. जवळ मोजयंत्र असतं, ते चोख चालत असतं, तरी हेच दिसलं असतं. अडीच मायक्रोमीटरचा कण केसाच्या जाडीच्या वीस-पंचविसाव्या भागाएवढा, त्यामुळे तो नाकात किंवा घशात अडकत नाही, थेट फुफ्फुसातल्या वायुकोशांपर्यंत जातो. दम्याच्या माणसाला धाप लागते ती त्या दोन तासांच्या हवेने. बावीस तासांची चांगली हवा ती धाप परत घेत नाही.

सरासरी धरणं ही लबाडी नव्हे. २०१५ पासून देशभर वापरात असलेला हा निर्देशांक शहराची दिवसभराची हवा सांगण्यासाठी बनला आहे. त्यात आठ प्रदूषकांचा विचार होतो आणि त्यांतल्या सर्वांत वाईट प्रदूषकाचा आकडा हाच त्या दिवसाचा निर्देशांक ठरतो. म्हणून ॲपमध्ये मोठ्या आकड्याखाली बारीक अक्षरात कुठला प्रदूषक लिहिलाय ते वाचावं. पीएम १०, म्हणजे दहा मायक्रोमीटरपर्यंतचे कण, पुढे असेल तर रस्त्याची धूळ, खाणीचा धुरळा किंवा समुद्रावरून उडालेलं मीठ असण्याची शक्यता जास्त. पीएम २.५ पुढे असेल तर धूर धरून चाला. जिथे तासागणिक आलेख मिळतो, तिथे मोठा आकडा सोडून आलेखच बघावा. भाजावळीचा सुळका तिथे लपत नाही.

आणखी एक घोळ मापाचा आहे. काही ॲप अमेरिकी मोजपट्टी वापरतात, काही भारतीय. पीएम २.५ घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम असेल तर भारतीय निर्देशांक १०० येतो, म्हणजे ‘समाधानकारक’ची शेवटची पायरी. तीच हवा अमेरिकी मोजपट्टीवर १५० च्या पुढे जाते आणि लाल रंगात ‘आरोग्याला अपायकारक’ ठरते. मुंबईतला मुलगा एक ॲप बघून घाबरतो, गावची आई दुसरं बघून निवांत असते, आणि दोघांचेही फोन बरोबर असतात. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची शिफारस याहून कडक आहे: पीएम २.५ ची २४ तासांची सरासरी घनमीटरला १५ मायक्रोग्रॅमच्या वर नको. घरातल्या सगळ्यांनी एकच ॲप, एकच मोजपट्टी ठरवून घेतली तर निदान बोलणं तरी जुळेल.

हे सगळं झालं तरी किनाऱ्यावर राहणाऱ्याला आकड्यापेक्षा वारा अधिक उपयोगी पडतो, असं माझं मत आहे. शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे पाठ केलेले असतात. दिवसा जमीन तापली की समुद्राकडून खारे वारे येतात, रात्री जमीन निवली की मतलई वारे समुद्राकडे जातात. हिवाळ्यात उत्तररात्री ते पहाटे जमिनीलगतची हवा गार आणि जड होऊन बसते, वरची हवा तिच्याहून उबदार असते. शेकोट्या, न्हाणीतल्या चुली, पेटवलेला पातेरा यांचा धूर मग वर जाऊच शकत नाही. खोऱ्यातल्या वाड्यांवर तो पांढऱ्या पट्ट्यासारखा तरंगताना उघड्या डोळ्यांनी दिसतो, आणि आपण त्याला कौतुकाने धुकं म्हणतो. ऊन चढलं की ती हवा हलते, दुपारी खारा वारा सुटला की धुऊन निघते. म्हणून जानेवारीत श्वासाचा त्रास असलेल्याने पहाटे पाचला फिरायला जाण्यापेक्षा संध्याकाळी चारला किनाऱ्यावर जावं. मच्छीमार जसं निघण्याआधी वाऱ्याचं ॲप बघतात, तसं ते खिडकी उघडण्याआधी बघायला हरकत नाही. चिरेखाण किंवा रस्त्याचं काम घराच्या पूर्वेला असेल तर सकाळी त्या बाजूची दारं लावायची, दुपारी उघडायची.

वणव्यासाठी नासाचा ‘फर्म्स’ नावाचा आगीचा नकाशा फोनवर फुकट दिसतो. उपग्रहाने टिपलेली आग साधारण तीन तासांत लाल ठिपका होऊन उमटते. पण यांतले बहुतेक उपग्रह आपल्याकडे दुपारी आणि मध्यरात्रीनंतर, दीडच्या सुमाराला जातात. सकाळी पेटवून नऊपर्यंत विझलेली भाजावळ त्यांना बहुधा दिसणार नाही. काजूच्या बागेत शिरलेला, दुपारभर धुमसणारा वणवा दिसेल.

हल्ली हातात मावणारे स्वस्त मापक मिळतात, काही हॉटेलवाले आणि हौशी मंडळी ते लावून आकडे ॲपवर टाकतात. त्यांच्या बाबतीत कोकणात एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी लागते, ती म्हणजे दमट हवा. हे मापक कणांवर लेझरचा प्रकाश टाकतात आणि किती प्रकाश विखुरला त्यावरून कणांचा अंदाज बांधतात. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, तसेच हवेतले खारे कणही ओल शोषून फुगतात. फुगलेला कण जास्त प्रकाश विखुरतो आणि मापकाला हवा आहे त्याहून वाईट वाटते. आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर गेली की ही चूक वाढत जाते, आणि आपल्याकडे ती वर्षातले कितीतरी महिने तिथेच असते. सरकारी केंद्रातली यंत्रं आत घेतलेली हवा तापवून कोरडी करतात, म्हणून त्यांचा आकडा टिकतो. जुलैच्या मुसळधार पावसात मापक १४० दाखवत असेल तर आधी शंका मापकावर घ्यावी.

काही गोष्टी तर कुठलंच ॲप मोजत नाही. मोहोरावरच्या फवारणीचा फवारा, भिंतींना आलेल्या ओलीतून उडणारी बुरशी. श्रावणात ॲप गडद हिरवं असतं आणि माजघरात खोकला थांबत नाही, तो बरेचदा या बुरशीचा.

सर्वांत मोठी आंधळी जागा मात्र घरातलीच. गॅस आला तरी आंघोळीचं पाणी अजून चुलीवर तापतं, आणि चुलीत नारळाची चुडतं, सोडणं, करवंट्या, वर पेट घ्यायला प्लास्टिकची पिशवी. रात्री कॉइल लागते. एक मच्छर कॉइल जळून जितके पीएम २.५ कण सोडते, ते ७५ ते १३७ सिगारेटींच्या धुराइतके भरतात, असं २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळलं होतं. बाहेरची हवा लाल झाली म्हणून दारं-खिडक्या लावून आत कॉइल पेटवणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. त्यापेक्षा मच्छरदाणी बरी.

ॲपचा खरा फायदा हवा असेल तर त्याच्या आकड्यासोबत स्वतःची नोंद ठेवावी. आज धाप लागली का, इनहेलर किती वेळा घ्यावा लागला, आसपास काय जळत होतं, वारा कुठून होता. फोनमध्येच चार शब्द टिपून ठेवले तरी एका मोसमात कळतं की आपल्याला त्रास १५० ला होतो की ७० लाच. हीच वही डॉक्टरांसमोर ठेवली तर औषध कधी वाढवायचं हे त्यांना नेमकं सांगता येतं. ॲप हिरवं आहे म्हणून रोजचं इनहेलर स्वतःच्या मनाने बंद करू नये. धुराजवळ काम करावंच लागलं तर तोंडाला गुंडाळलेला पंचा धुरळा थोडाफार अडवतो, बारीक कण नाही. त्याला नाकावर घट्ट बसणारा एन-९५ लागतो.

मापक घ्यायचाच झाला तर उन्हाळ्यात, हवा त्यातल्या त्यात कोरडी असताना, एक संध्याकाळ तो न्हाणीत चुलीपासून दोन हातांवर ठेवून बघा, मग स्वयंपाकघरात, मग ओटीवर. नेमका आकडा चुकेल, पण तिन्ही जागांमधला फरक चुकणार नाही. धुराडं कुठे काढायचं आणि तान्ह्या बाळाचा पाळणा कुठे बांधायचा, हे त्या फरकावरून ठरवता येतं.