मधुमेही मांजर घरी ठेवून प्रवासाला निघताना: ग्राहकांसाठी माहितीपत्रक

मांजराला मधुमेह आहे असं कळलं की अनेक घरं प्रवासाचा विचारच सोडून देतात. तशी वेळ येऊ नये म्हणून आम्ही घरी येऊन अशा मांजरांची देखभाल करतो. मात्र इंजेक्शन देता येणारा माणूस मिळाला की प्रश्न सुटला, हा समज आधी बाजूला ठेवावा. मांजराच्या कातडीखाली सुई टोचणं थोड्या सरावाने कुणालाही जमतं. सुई बारीक असते आणि खाण्यात गुंगलेलं मांजर बहुतेक वेळा तिची दखलही घेत नाही. अवघड असतं ते आज टोचायचं की नाही हे ठरवणं. मांजर अर्धंच जेवलं, पहाटे उलटी झाली, इन्सुलिन केसांवर सांडलं, तर काय करायचं? या प्रश्नांची उत्तरं तुम्ही निघण्याआधी, तुमच्या पशुवैद्यांच्या सल्ल्याने, कागदावर उतरलेली हवीत. हे पत्रक मुख्यतः त्या कागदासाठी आहे. देखभाल आमच्याऐवजी शेजारी किंवा नातेवाईक करणार असतील, तरी ते तितकंच उपयोगी पडेल.

मांजर कुठे राहील?

शक्यतो स्वतःच्या घरी. मांजर घाबरलं किंवा बावरलं की त्याची रक्तातली साखर चढते. तपासणीच्या टेबलावर निरोगी मांजराचीसुद्धा चढते. अनोळखी जागेत आणखी एक अडचण होते: मांजर खाणं टाकतं. इन्सुलिन चालू असताना उपाशी राहणं धोक्याचं आहेच, आणि दोन-तीन दिवस काहीच न खाल्लेल्या मांजराच्या यकृतात चरबी साचून वेगळाच गंभीर आजार उभा राहू शकतो, स्थूल मांजरात तर विशेष.

याला अपवाद आहेत. मधुमेहाचं निदान नुकतंच झालं असेल, डोस अजून बसायचा असेल, अलीकडे साखर एकदम खाली गेली असेल किंवा जोडीला दुसरा आजार बळावला असेल, तर मांजर दवाखान्यातच, दिवसरात्र माणूस असतो तिथे ठेवावं. अशी कामं आम्ही घेत नाही आणि आग्रह झाला तरी घेणार नाही.

मांजराला सोबत नेणार असाल तर एवढंच सांगू: इन्सुलिन हातातल्या पिशवीत ठेवा. विमानाच्या सामानकक्षात किंवा बर्फाच्या पिशवीला चिकटून ते गोठू शकतं, आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन पुन्हा वितळलं तरी वापरायचं नसतं.

आम्हाला किती आधी सांगावं

निदान तीन आठवडे. त्या काळात आमची व्यक्ती तुमच्या समोर किमान दोनदा इंजेक्शन देते. तुमच्या उपस्थितीत मांजर हात लावू देतं, पण परक्या माणसाला देतं का, हे तेव्हाच कळतं. निघण्याच्या आधीच्या दोन आठवड्यांत डोस, खाणं किंवा इन्सुलिनचा प्रकार बदलू नका. बदलणं भाग पडलं तर प्रवास पुढे ढकलता येतो का ते पाहा.

निदानानंतरच्या पहिल्या काही महिन्यांबद्दल थोडं जास्त सांगायला हवं. मांजरांचा मधुमेह बहुतांशी माणसांच्या टाइप २ मधुमेहासारखा असतो. कमी कर्बोदकांचं खाणं आणि नेमकं इन्सुलिन मिळालं की काही मांजरांचं स्वादुपिंड पुन्हा काम करू लागतं आणि इन्सुलिनची गरज कमी होते, कधी पूर्ण थांबते. ही आनंदाची गोष्ट असली तरी त्या दिवसांत कालपर्यंत योग्य असलेला डोस आज जास्त ठरतो. म्हणून अशा मांजरांसाठी प्रत्येक इंजेक्शनाआधी साखर मोजण्याची अट आम्ही घालतो.

बारा तास आणि शंकेचा नियम

बहुतेक मांजरांना दिवसातून दोनदा, बारा तासांच्या अंतराने इन्सुलिन लागतं. आम्हाला तुमची खरी वेळ सांगा, कागदावरची नको. साधारण तासाभराचा पुढेमागे फरक बहुतेक मांजरांना चालतो. तुमच्या मांजराला किती चालेल, ते डॉक्टरांकडून लिहून घ्या.

कधी सुई कातडीच्या घडीतून आरपार जाते आणि औषध बाहेर सांडतं. केस ओले लागतात, औषधाचा वास येतो. अशा वेळी किती आत गेलं हे कुणालाच सांगता येत नाही. आमचा नियम पक्का आहे: शंका असेल तर दुसऱ्यांदा टोचायचं नाही. एक डोस चुकला तर मांजराची साखर पुढचे बारा तास चढी राहील, पण डोस दुप्पट झाला तर जीव जाऊ शकतो.

बाटली आणि सिरिंज जुळते ना?

ही तपासणी आम्ही पहिल्याच भेटीत करतो, कारण सगळ्यात गंभीर चूक इथेच होऊ शकते. मांजरांना दिली जाणारी काही इन्सुलिनं यू-४० असतात, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट. ग्लार्जिनसारखी माणसांसाठीची इन्सुलिनं सहसा यू-१०० असतात. दोन्हींच्या सिरिंजवरच्या रेघा वेगळ्या. यू-१०० इन्सुलिन यू-४० सिरिंजमध्ये भरलं तर अडीचपट डोस जातो, २ युनिटचे ५ होतात. उलट केलं तर निम्म्याहून कमी जातो. त्यामुळे संपूर्ण मुक्कामाला पुरतील एवढ्या सिरिंजा घरात असाव्यात, आयत्या वेळी आणायची वेळ येऊ नये. आणि डोस नेहमी युनिटमध्ये लिहा. ‘दुसऱ्या रेघेपर्यंत’ असं लिहिलेल्या चिठ्ठीवर आम्ही इंजेक्शन देत नाही.

बाटली फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत, बर्फाच्या कप्प्यापासून लांब हवी. काही इन्सुलिनं एकजीव होईपर्यंत चांगली हलवावी लागतात, काही तळहातांत हळूच फिरवायची असतात. ग्लार्जिन स्वच्छ पाण्यासारखं असतं आणि ते हलवायचं नसतं, गढूळ दिसलं तर टाकून द्यायचं. तुमच्या बाटलीचं काय, ते तिच्यावर चिकटवून ठेवा. जमल्यास न उघडलेली दुसरी बाटलीही असू द्या. हातातून एक फुटली तर रात्री नऊला काय करणार? वापरलेल्या सुयांसाठी जाड प्लास्टिकचा झाकणाचा डबा ठेवा.

तो कागद

डॉक्टरांना चार परिस्थिती विचारा: पूर्ण जेवलं तर, अर्धं जेवलं तर, काहीच खाल्लं नाही तर, उलटी झाली तर. अर्ध्या जेवणाला कुणी डोस कमी करायला सांगतात, कुणी वगळायला. उत्तर काहीही असो, ते आकड्यात हवं. मांजराने काहीच खाल्लं नाही किंवा त्याला उलटी झाली, तर कागदावर स्पष्ट सूचना नसताना आम्ही इंजेक्शन न देता डॉक्टरांना फोन करतो. तुमचं मांजर दिवसभर थोडं थोडं खाणारं असेल तर तसं सांगा, म्हणजे बारा तासांत वाटीतून किती कमी झालं हे वजन करून पाहता येईल.

घरी कानाच्या कडेवरून रक्ताचा थेंब घेऊन साखर मोजत असाल तर तेच यंत्र ठेवून जा. माणसांचं ग्लुकोमीटर मांजराच्या रक्तात बऱ्याचदा खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवतं, मांजरांसाठीच्या यंत्राचा आकडा वेगळा येतो. दोन यंत्रांचे आकडे शेजारी ठेवून काही ठरवता येत नाही. कोणत्या आकड्याखाली इंजेक्शन द्यायचं नाही, हे डॉक्टरांनी त्याच यंत्रासाठी सांगितलेलं असावं.

मांजर इन्सुलिनवर नसून नव्या प्रकारच्या गोळीवर किंवा तोंडाने द्यायच्या द्रवावर असेल (बेक्साग्लिफ्लोझिन, व्हेलाग्लिफ्लोझिन), तर वेगळी काळजी लागते. या औषधांवर असताना साखर ठीक दिसत असूनही रक्तात कीटोन (शरीर साखरेऐवजी चरबी जाळू लागलं की तयार होणारे, साचले तर घातक ठरणारे पदार्थ) साचू शकतात. म्हणून खाणं सुटलं, उलटी झाली किंवा मांजर मलूल झालं, तर मीटरच्या आकड्यावर न विसंबता औषध थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

घरात दुसरं मांजर असेल तर जेवताना दोघांना वेगळं करू द्या. वाटी कुणी रिकामी केली हे माहीत नसेल तर वरची सगळी मेहनत फुकट. आणि मधुमेही मांजर बेल वाजताच पलंगाखाली शिरणारं असेल तर ती खोली बंद ठेवायची सोय करून जा.

साखर उतरली तर

पाय लटपटणं, झोकांड्या जाणं, अचानक भलतीच भूक, शून्य नजर, थरथर, शेवटी झटके. गिळता येत असेल तर आम्ही लगेच खायला देतो. खात नसेल तर ग्लुकोजचा पाक किंवा मध हिरड्यांना चोळतो. शुद्धीत नसलेल्या मांजराच्या तोंडात काही ओतत नाही आणि झटके चालू असताना दातांमध्ये बोट घालत नाही. सावरलं तरी दवाखान्यात नेतोच, कारण टोचलेलं इन्सुलिन अजून काम करत असतं. तुम्हाला फोन त्यानंतर येईल, हे आधीच मान्य करा. ग्लुकोजची बाटली इन्सुलिनच्या डब्याशेजारीच असावी.

साखर फार चढल्याची लक्षणं सावकाश दिसतात: खूप पाणी, लिटर बॉक्समध्ये लघवीने भिजलेल्या वाळूचे मोठाले गोळे. त्यात खाणं बंद, उलट्या आणि श्वासाला नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा वास आला, तर वाट पाहायची नसते. म्हणून पाणी मोजून भरणं आणि वाळूच्या या गोळ्यांची नोंद आमच्या रोजच्या तक्त्यात असते. तक्त्याचा फोटो प्रत्येक भेटीनंतर तुम्हाला मिळतो.

दवाखान्यासाठी सहीचं संमतिपत्र, खर्चाची मर्यादा, रात्री उघडा असणारा दवाखाना आणि तुमचा फोन लागला नाही तर निर्णय घेऊ शकणारी एक व्यक्ती, एवढं लेखी द्या. प्रवासातून तुम्ही फोनवर सांगितलेला डोसबदल आम्ही करत नाही. डॉक्टरांनी आम्हाला कळवला तरच करतो.

परतल्यावर

परतीच्या दिवशी डोस दुप्पट होण्याची शक्यता सर्वात जास्त असते. तुम्ही संध्याकाळी घरी पोहोचता, मांजर पायात घोटाळतं, तुम्ही सवयीने फ्रिज उघडता आणि आमची व्यक्ती तासाभरापूर्वीच इंजेक्शन देऊन गेलेली असते. म्हणून शेवटच्या डोसची वेळ आणि युनिट आम्ही इन्सुलिनच्या डब्यावरच चिकटवून जातो. ती चिठ्ठी न वाचता सिरिंज भरू नका. चिठ्ठी सापडली नाही तर आधी आम्हाला फोन करा, मग मांजराला हात लावा. तुम्ही वेळेआधी पोहोचणार असाल तर तेही कळवा, म्हणजे त्या दिवसाचं इंजेक्शन कुणी द्यायचं ते आधीच ठरवता येईल.